नावे असलेली प्यादी

बुद्धिबळात प्यादे मारले गेले तर खेळणाराला प्याद्याचे दुःख होत नाही. फार तर डाव बिघडल्याची हळहळ वाटते. प्याद्याला नाव नसते, गाव नसते, आणि पुढच्या डावात ते पुन्हा आपल्या घरात उभे असते. पण याच प्याद्याला नाव दिले, देश दिला, मागील लढायांचा अनुभव दिला आणि मेल्यावर ते परत येणार नाही असा नियम केला, तर खेळाचे स्वरूप काय होईल? संगणकावरील 'एक्सकॉम' या विज्ञानकथेच्या धर्तीवरील युद्धखेळात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

या खेळाचा जनक इंग्लंडमधील ज्युलियन गॉलप. लहान तुकडीच्या डावपेचांचा 'लेझर स्क्वॉड' हा खेळ त्याने 1988 साली रचला होता. त्याच बीजाला परग्रहवासीयांच्या आक्रमणाची कथा जोडून 1994 साली 'यूएफओ: एनिमी अननोन' अवतरला, अमेरिकेत तो 'एक्स-कॉम' या नावाने विकला गेला. 2012 साली अमेरिकेतील फिरॅक्सिस या संस्थेत जेक सॉलोमन याच्या नेतृत्वाखाली त्याची नवी आवृत्ती सिद्ध झाली. येथे विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या नव्या आवृत्तीचा.

खेळ आळीपाळीने चालतो. आरंभी चार आणि पुढे सहापर्यंत सैनिक हाताशी असतात. प्रत्येकाने एका पाळीत थोडे सरकावे आणि गोळी झाडावी, किंवा धावत दूर जावे, किंवा दबा धरून हलणाऱ्या शत्रूची वाट पाहावी. आडोसा हा येथला प्राण होय. कमरेएवढी भिंत असली तर शत्रूचा नेम लागण्याची शक्यता 20 अंशांनी घटते. पूर्ण आडोसा असला तर 40 अंशांनी. मात्र शत्रू बगलेला आला की ती भिंत असून नसल्यासारखी. शिवाय बुद्धिबळाचा पट जसा सारा उघडा असतो तसा हा नाही; पुढे पाऊल टाकल्याखेरीज अंधारात काय आहे ते कळत नाही.

गोळी झाडण्यापूर्वी पडद्यावर एक आकडा दिसतो. समजा, 85 टक्के. मनुष्याचे मन मोठे चमत्कारिक आहे; 85 म्हणजे लागलाच, असे ते धरून चालते. पण असे चार नेम ओळीने लागण्याची शक्यता मोजली तर ती 52 टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे निम्म्याहून किंचितच अधिक! ज्याचा बेत चारही नेम लागण्यावर अवलंबून आहे त्याने वस्तुतः नाणेच उडवलेले असते. सारीपाट खेळणाऱ्या आपल्या पूर्वजांना दानाचा लहरीपणा ठाऊक होता, कारण फासे हातात खुळखुळत. येथे फासे दिसत नाहीत, म्हणून नेम चुकला की खेळणारा यंत्राला लबाड ठरवतो. गंमत अशी की, 2016 सालच्या दुसऱ्या भागात यंत्र लबाडी करते खरे, पण ती खेळणाऱ्याच्या बाजूने. सोप्या पातळ्यांवर नेम लागोपाठ चुकू लागले की पुढील नेमाची खरी शक्यता ते गुपचूप वाढवते आणि पडद्यावरचा आकडा मात्र तसाच ठेवते. सर्वांत कठीण पातळीवर ही कृपा काढून घेतली आहे.

रणांगणाबाहेरचे निर्णय तर याहून कठोर. सोळा राष्ट्रांची एक परिषद या मोहिमेला पैसा पुरवते. तिच्यात भारतही आहे. आक्रमक एकाच वेळी बहुधा तीन ठिकाणी माणसे पळवू लागतात, आणि तुकडी जाऊ शकते ती एकाच ठिकाणी. उरलेल्या दोन देशांत भीती वाढते. ती पराकोटीला गेली की ते राष्ट्र महिनाअखेरीस परिषद सोडते, आणि आठ राष्ट्रे गेली की डाव हरला. एखाद्या ठिकाणी बक्षीस म्हणून शास्त्रज्ञ मिळणार असतात, दुसऱ्या ठिकाणी भीती टोकाला पोचलेली असते. कोणाला वाचवायचे? लढाई जिंकूनही जो पश्चात्ताप राहतो त्याचे मूळ येथे आहे.

जुना डाव पुन्हा उघडून मेलेल्याला जिवंत करण्याची पळवाट आहे. पण 'आयर्नमॅन' ही पद्धत पत्करली की तीही बंद होते. सोबती पडला की जवळच्या सैनिकांचा धीर सुटतो. कोणी भिऊन लपतो, कोणी भलतीकडेच गोळी झाडतो. हे सैनिक मोहिमेमागून मोहिमेत तयार झालेले असतात, त्यांना बढती आणि टोपणनावे मिळालेली असतात. त्यांची नावे बदलण्याची मुभा असल्यामुळे अनेकजण त्यांना आपल्या मित्रांची, भावंडांची नावे देतात. तळावर एक स्मृतिफलक आहे. पडलेल्या प्रत्येकाचे नाव तेथे लागते, आणि नवी मोहीम निघते तेव्हा त्या जागी एक कोरा, अननुभवी सैनिक विमानात चढतो, ज्याचा नेम अजून धड लागत नाही.