चिलटं, चिखल आणि वारा

पहाटे 5.15. बारामती एमआयडीसीतली खोली. भाडं 3,000, दोघांत. पोरगा दिंद्रुडचा, तालुका माजलगाव. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता घेऊन इकडच्या कारखान्यांना येतात. हा बारमाही इथंच. पगार 13,000.

5.45. हँगर. बादली, साबणाचं पाणी, मऊ फडकी, स्टूल. समोर चार आसनी सेसना 172. पंखाच्या पुढच्या कडेवर चिलटं वाळून घट्ट बसलीत. ओलं फडकं ठेवायचं, थांबायचं, मग पुसायचं. खरवडायचं नाही. इथं वारा पंखाला चिकटून वाहायला हवा. एका चिलटाच्या ठिपक्यामागंही तो विस्कटतो. मग पोट. इंजिनाच्या तेलाच्या काळ्या रेघा मागं ओढल्यात. वारा कुठून गेला ते त्यांवरून कळतं.

6.30. पहिलं उड्डाण.

7.10. शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतोय. वेग कमी, नाक वर. पंखांच्या टोकांशी खालची हवा वर वळून भोवरे होतात. ते विमानाला मागं ओढतात. विमान हळू उडतं तेव्हा हीच ओढ सगळ्यात मोठी. ती कुठल्याच फडक्यानं जात नाही. वेग वाढला की ती कमी होते. पण मग अंगावर घासणारा, आडव्या आलेल्या भागांवर आपटणारा वारा जोर धरतो. वेग दुप्पट, तर हा अडथळा चौपट. तासाला 30-35 लिटर पेट्रोल जातं, त्यातलं बरंच या झटापटीत.

10.00. चहा 10, वडापाव 20.

10.20. चाकं. या विमानाची पोटात जात नाहीत, सतत वाऱ्यात लोंबतात. पायांवर चिखल, दांड्यांवर चिखल. तिरका दांडा पंखाला मिळतो त्या कोपऱ्यात दोन्हीकडचा वारा एकमेकांत अडतो. तिथं बोट घालून पुसावं लागतं. हे काम तो सगळ्यात मन लावून करतो, आणि तेच कुणाच्या नजरेत भरत नाही.

1.30. प्रोपेलरच्या पात्याला खडी लागलीय. इंजिनीअरसाहेब कानस चालवतात. यानं फक्त बॅटरी धरायची.

5.40. आईचा फोन. "काय करायलास? जेवलास का?" दिंद्रुडला पाऊस नाही. सोयाबीन माना टाकायलंय.

6.10. "साहेब, चाकांवरची टोपणं बसवू का?"

"पाऊस उघडू दे. आत चिखल गच्च बसला तर चाक अडकेल."

टोपणं बसवली तर अडथळा कमी होतो, त्याला ठाऊक आहे. पुसून परत फळीवर ठेवतो. साबण संपलाय. सकाळी येताना आणायचा, पावती घ्यायची.