मेंदूपर्यंत औषध पोहोचविण्याचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत मेंदूच्या गाठीच्या रुग्णांचे नातेवाईक वर्तमानपत्रातील कात्रण किंवा मोबाइलवर आलेला मजकूर घेऊन आमच्या कार्यालयात येतात. ‘नॅनोकणांतून औषध थेट मेंदूत’ अशा आशयाचा तो मजकूर असतो आणि प्रश्न ठरलेला असतो : हा उपचार आपल्याकडे का नाही? काही देणगीदारांनीही त्यासाठी स्वतंत्र निधी देऊ केला आहे. शेत गहाण टाकण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबाला मोघम उत्तर देणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांशी चर्चा करून हे टिपण अहवालात समाविष्ट करीत आहोत.

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थ त्यांच्यामधून झिरपू शकत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला असता इतर इंद्रिये रंगली, मेंदू मात्र कोरा राहिला. १९१३ साली एडविन गोल्डमान यांनी रंग मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. विषारी पदार्थांपासून रक्षण करणारी ही भिंत औषधालाही तितक्याच निष्ठेने अडविते. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत सांगायचे तर रक्कम खर्ची पडते, पण ज्या खात्यासाठी ती काढली तेथे जमाच होत नाही. पार्किन्सनच्या आजारात मेंदूत डोपामिन कमी पडते. तरीही ते टोचून उपयोग नसतो. त्याऐवजी लेव्होडोपा दिले जाते, कारण अमिनो आम्लांसाठी असलेल्या वाटेने ते आत शिरते व तेथे त्याचे डोपामिन होते.

आता पॉलिमरविषयी. हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके बहुधा ग्लायकोलिक व लॅक्टिक आम्लांच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे असतात. शरीरातील पाण्याने ही साखळी हळूहळू तुटते. तिच्यात औषध मिसळून ठेवले, तर ती तुटेल तसतसे औषध सुटत जाते. प्रोस्टेटच्या कर्करोगावर महिन्यातून एकदा घ्यावयाचे ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन याच तत्त्वावर बनते. अमेरिकेत त्यास १९८९ मध्ये मान्यता मिळाली.

मेंदूसाठी या तत्त्वाचा उपयोग रॉबर्ट लँगर व शल्यविशारद हेन्री ब्रेम यांनी करून दाखविला. सदऱ्याच्या गुंडीएवढी, सुमारे एक मिलिमीटर जाडीची पॉलिमरची चकती, प्रत्येकीत ७.७ मिलिग्रॅम कारमुस्टिन हे औषध. गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत अशा जास्तीत जास्त आठ चकत्या ठेवून डोके बंद करतात. येथे भिंत ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण औषध भिंतीच्या आतच ठेवलेले असते. अमेरिकेत १९९६ मध्ये या चकत्यांना मान्यता मिळाली. मात्र १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत, पुन्हा उद्भवलेल्या गाठीच्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान २३ आठवड्यांवरून ३१ आठवडे झाले, इतकेच. आठ आठवडे कमी नव्हेत. पण तो रोगमुक्तीचा उपाय नव्हे.

नॅनोकण हा याच्या पुढचा प्रयत्न. येथे कवटी न उघडता, शिरेतून दिलेल्या अतिसूक्ष्म कणांनी भिंत ओलांडावी अशी अपेक्षा असते. जर्मनीतील यॉर्ग क्रॉयटर यांच्या गटाने १९९५ मध्ये, एरवी मेंदूत न पोहोचणारे एक वेदनाशामक अशा कणांवर बसवून उंदरांना दिले आणि त्याचा परिणाम दिसून आला. कणांवर पॉलिसॉर्बेट ८० चा लेप होता. त्यामुळे रक्तातील एक प्रथिन त्यांना चिकटते व मेंदूच्या रक्तवाहिन्या त्यांना ओळखीचा मेदकण समजून आत घेतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. युक्ती खरोखरच सुंदर आहे. अडचण ही की टोचलेल्या कणांपैकी बहुतांश यकृत व प्लीहेतच अडकतात, आणि उंदरांत साधलेले माणसांत साधेलच असे नाही. मेंदूच्या गाठीसाठी पॉलिमर नॅनोकणांच्या कोणत्याही औषधाला अद्याप मान्यता मिळालेली नाही. आपल्या रुग्णालयात ते नाही, याचे कारण निधीची कमतरता हे नव्हे.

तेव्हा नातेवाइकांस विनंती अशी की, या नावाखाली कोणी आगाऊ रक्कम मागितल्यास ते कागद प्रथम आमच्या न्यूरोसर्जनना दाखवावेत. भारतात रीतसर चालणाऱ्या औषधचाचणीस राष्ट्रीय नोंदवहीतील क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच नसावा. आमच्या समाजसेवा विभागात तो पडताळून मिळेल.

या कारणासाठी देऊ केलेल्या देणग्या, देणगीदारांच्या लेखी संमतीने, टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूलसाठी वापरण्यात येत आहेत. हे औषध तोंडाने घेतले तरी मेंदूत पोहोचते, आणि किरणोपचारासोबत ते दिल्याने आयुर्मान वाढते असे २००५ मध्ये सिद्ध झाले. अनेक कुटुंबांना त्याचे पुढचे महिने परवडत नाहीत, म्हणून ते मध्येच सुटते.