यंत्राचा पहिला कारभारी : यू-बूट

एखाद्या लहानशा प्रोसेसर-बोर्डाला वीज मिळाल्यापासून पडद्यावर लिनक्सची पहिली ओळ उमटेपर्यंत जे काही घडते, ते वापरणाऱ्याच्या खिजगणतीतही नसते. आणि तरीही त्या दोन-चार सेकंदांत जी आज्ञावली साऱ्या यंत्राचा अंमल आपल्या हाती घेते, स्मृतीची आणि घड्याळांची घडी बसवते, आणि मग सर्व कारभार लिनक्सच्या हवाली करून स्वतः निवृत्त होते, तिच्यावाचून पुढचे काहीच संभवत नाही. या आज्ञावलीस बूटलोडर म्हणतात. तिच्या अनेक जातींपैकी ‘यू-बूट’ ही सर्वांत सुप्रतिष्ठित, आणि तिचा परिचय येथे बीगलबोन ब्लॅक या एकाच बोर्डाच्या आधाराने करून देण्याचा मानस आहे. कारण या विषयाचे मर्म सर्वसाधारण विधानांत नसून तपशिलात आहे.

मॅग्नस डॅम यांनी पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या एका छोट्या आज्ञावलीच्या पायावर जर्मनीतील अभियंते वोल्फगांग डेंक यांनी ‘पीपीसीबूट’ उभारले, आणि इतर कुळांतील प्रोसेसरही त्यात सामावू लागल्यावर २००२ साली त्यास यू-बूट हे नाव मिळाले. २०१२ साली देखरेखीची धुरा टॉम रिनी यांच्याकडे आली. डेंक २०२२ च्या ऑक्टोबरात निवर्तले. जीपीएल परवान्याखाली कोणासही वाचता, बदलता आणि वाटता येणाऱ्या या आज्ञावलीच्या दप्तरात आज हजाराहून अधिक बोर्डांच्या मांडण्या दाखल आहेत. ज्या बोर्डाला वाली उरत नाही आणि ज्याची मांडणी नव्या रीतीला धरून कोणी सुधारत नाही, तो बोर्ड यथावकाश दप्तरातून काढला जातो. हा नियम कठोर वाटतो खरा. पण न तपासलेला आधार हा आधार नसण्याहून अधिक घातक असतो, म्हणून मला तो न्याय्य वाटतो.

बीगलबोन ब्लॅक २०१३ साली पंचेचाळीस डॉलर किमतीला बाजारात आला. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट डीडीआर-३ स्मृती आणि साठवणीसाठी ईएमएमसी चिप आहे. प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातच कोरलेला, कोणालाही न बदलता येणारा रॉम असतो, आणि वीज येताच पहिला अधिकार त्याचा. परंतु बाहेरची ती ५१२ मेगाबाइट स्मृती त्या क्षणी त्याच्या काडीइतकीही उपयोगाची नसते. कारण स्मृतीची चिप कोणत्या वेगाने चालवावी, वाचताना किती विलंब धरावा, तिच्यातील विद्युत्भार किती काळाने पुन्हा भरावा, हा तपशील बोर्डागणिक भिन्न असतो आणि रॉम कोरणाऱ्यास तो ठाऊक असणे शक्यच नव्हते. म्हणून रॉमला प्रोसेसरच्या अंतर्गत स्मृतीतील सुमारे शंभर किलोबाइटांच्या जागेत आपले काम भागवावे लागते, आणि तेवढ्या जागेत संपूर्ण यू-बूट मावत नाही.

यावर योजलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. यू-बूट आपल्याच मूळ संहितेतून स्वतःची एक संक्षिप्त आवृत्ती निर्माण करते. तिला एसपीएल म्हणतात, आणि या बोर्डावर तिची फाइल ‘एमएलओ’ या नावाने ओळखली जाते. रॉम एवढी एकच फाइल उचलून अंतर्गत स्मृतीत ठेवतो. एसपीएल बोर्डावरच्या ईईप्रॉममध्ये नोंदलेले नाव वाचते आणि त्यावरून आपण डीडीआर-३ स्मृतीच्या ब्लॅक बोर्डावर आहोत की डीडीआर-२ स्मृतीच्या जुन्या पांढऱ्या बीगलबोनवर, याचा निर्णय करून तदनुरूप स्मृती जागी करते. मग त्या प्रशस्त स्मृतीत संपूर्ण यू-बूट आणले जाते, आणि ते लिनक्सचा गाभा व बोर्डाच्या रचनेचे वर्णन करणारी ‘डिव्हाइस ट्री’ शोधून पुढचा मार्ग मोकळा करते. एकाच बांधणीने अनेक भावंड-बोर्डांचा निर्वाह होतो, तो या ईईप्रॉममधील आठ अक्षरांच्या बळावर.

बांधणी स्वतःच्या संगणकावर होते. मात्र तो संगणक सहसा दुसऱ्या कुळाचा आणि बोर्ड आर्म कुळाचा असल्याने क्रॉस-कंपायलर लागतो. ‘एएम३३५एक्स_ईव्हीएम_डेफकॉन्फिग’ ही मांडणी निवडून ‘मेक’चा हुकूम दिला की थोड्याच वेळात एमएलओ आणि यू-बूटची इमेज अशा दोन फाइली हाती पडतात. कंपायलर नीट बसला असेल तर या कामात विशेष सांगण्यासारखे काही नाही.

त्या फाइली कार्डावर लिहिण्याची, म्हणजे फ्लॅश करण्याची, गोष्ट निराळी. रॉम मेमरी कार्डावर शून्य, १२८, २५६ आणि ३८४ किलोबाइट या चारच ठिकाणी एसपीएलचा शोध घेतो, अथवा फॅट विभागात एमएलओ नावाची फाइल पाहतो. शून्यस्थानी विभागांची नोंदवही असल्यामुळे प्रघात असा, की एमएलओ १२८ वर आणि यू-बूट ३८४ वर ‘डीडी’ या हुकुमाने लिहावे, आणि पहिला विभाग त्यानंतर पुरेसे अंतर सोडून सुरू करावा. ऑलविनरच्या बहुतेक चिपांत हेच स्थान आठ किलोबाइटांवर असते, रॉकचिपच्या अनेक चिपांत बत्तीसवर, तर एनएक्सपीच्या आय-एमएक्स-६ मध्ये एकवर. म्हणून एका बोर्डाची रीत दुसऱ्यावर चालवू नये. आणि ‘डीडी’ला डिस्कचे नाव देण्यापूर्वी ते दोनदा वाचावे, कारण तो कोणतीही विचारणा न करता संगणकाची स्वतःची डिस्कही पुसून टाकतो.

आवृत्ती बदलताना नवे यू-बूट प्रथम कार्डावर लिहावे, ईएमएमसीस हात लावू नये. बोर्डावरील एस-२ हे बटन दाबून धरून वीज दिली, की रॉम ईएमएमसी बाजूस ठेवून कार्डाकडे वळतो. बटनाची नोंद केवळ वीज येण्याच्या क्षणी घेतली जाते, म्हणून रीसेटवर न भागवता वीज तोडूनच पुन्हा द्यावी लागते. ३.३ व्होल्टची सिरियल केबल जोडून ११५२०० च्या वेगाने कन्सोल उघडला असता एसपीएल आणि यू-बूट आपापली आवृत्ती व बांधणीची तारीख स्वतंत्रपणे छापतात. त्या दोन तारखा जुळत नसतील तर एक भाग जुनाच राहिला, असे समजावे. यू-बूटच्या हुकुमांची जतन केलेली नोंद, म्हणजे एन्व्हायरन्मेंटही, अशीच तपासावी. तिच्यातील जुने हुकूम नव्या यू-बूटला वेगळ्याच वाटेने नेऊ शकतात. तिच्यावर सीआरसी या पडताळणी-आकड्याचा पहारा असतो, तो फाटलेली नोंद ओळखतो. कालबाह्य झालेली ओळखत नाही.

इतके करूनही ईएमएमसीवरचे यू-बूट बिघडले, तरी बोर्ड मृत होत नाही. कोठेच काही न सापडलेला रॉम सिरियल वाहिनीवर ‘सी’ हे अक्षर पुनःपुन्हा पाठवू लागतो, आणि त्यास एक्समोडेमने एसपीएल व मग वायमोडेमने यू-बूट पुरवले की बोर्ड पुन्हा उभा राहतो. न बदलता येणाऱ्या रॉमची ही सनद असल्यामुळेच या बोर्डावर निर्भयपणे शिकता येते. उत्पादकाची सही असलेलाच बूटलोडर चालेल अशी तपासणी कायमची कुलूपबंद करून विकल्या जाणाऱ्या कित्येक उपकरणांत ही मुभा मालकाला उरतच नाही, आणि स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राबाबत मला ते गैर वाटते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की तयार इमेज कार्डावर ओतून लिनक्स सुरू झाले म्हणजे बोर्ड समजला, असे मानू नका. सिरियल केबल आणा, यू-बूट स्वतः बांधा, कार्डावर लिहा, आणि कन्सोलवर छापली जाणारी तारीख तुमच्या बांधणीचीच आहे याची खात्री करून घ्या.