एजन्सीची नर्स : कागदावर कोण, कायद्यात कोण?

पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आयसीयूतल्या शेजारशेजारच्या खाटा सांभाळणाऱ्या दोन सिस्टरपैकी एक रुग्णालयाच्या पटावर असते, दुसरी एजन्सीच्या. काम तेच, जबाबदारी तीच, इन्चार्जची बोलणीही तीच. पगाराचा कागद मात्र वेगळा. एजन्सीच्या सिस्टरच्या कागदावर कधीकधी ‘वेतन’ हा शब्दच नसतो. तिथे ‘व्यावसायिक शुल्क’ लिहिलेलं असतं. या दोन शब्दांमुळे तिचा पीएफ जातो आणि दहा टक्के करही कापला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी वॉर्डात अजून ऐकीव माहितीच चालते. त्यातल्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज १ : ‘व्यावसायिक शुल्क’ मिळतं, म्हणजे आपण नोकर नाही, पीएफ-ईएसआय लागू नाही.

वस्तुस्थिती : नोकर कोण, हे एकट्या पावतीवरून ठरत नाही. ड्युटी कोण लावतं, रजा कोण मंजूर करतं, कामावर देखरेख कोणाची, हे न्यायालयं पाहतात. घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारी, आपले रुग्ण आणि आपला दर स्वतः ठरवणारी नर्स खरोखर व्यावसायिक असते. रोस्टरप्रमाणे तीन पाळ्यांत राबणारी नर्स तशी नसते.

वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांपर्यंत असेल, तर पीएफ सक्तीचा आहे : १२ टक्के कर्मचाऱ्याचे, १२ टक्के मालकाचे. दहा किंवा अधिक माणसं असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. त्यात कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. ‘मला पीएफ नको, पैसे हातात द्या’ असं सक्तीच्या मर्यादेतल्या नर्सने लिहून दिलं, तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही. पगार २०,००० आणि त्यातला मूळ पगार १५,००० धरला, तर मालकाचा वाटा पीएफपोटी १,८०० आणि ईएसआयपोटी ६५०, म्हणजे महिन्याला २,४५० रुपये होतो. ‘शुल्क’ या शब्दाने एजन्सीची एवढी बचत होते.

गैरसमज २ : दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे कर भरून झाला.

वस्तुस्थिती : टीडीएस ही आगाऊ कापलेली रक्कम असते, खरा कर वर्षाच्या एकूण उत्पन्नावर ठरतो. एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क मिळालं, की आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांनुसार दहा टक्के कापले जातात. वरच्याच उदाहरणात महिन्याला २,००० म्हणजे वर्षाला २४,००० रुपये गेले. पण नव्या कररचनेत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे आणि या नर्सचं वर्षाचं उत्पन्न आहे २,४०,०००. दुसरं काही उत्पन्न नसेल, तर ती सगळी रक्कम परत मिळू शकते. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावंच लागतं. आपोआप काही खात्यात येत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. वर्षात दोन-तीन एजन्सींकडे काम केलं असेल, तर चार लाखांची मर्यादा प्रत्येकीकडे वेगळी मोजली जात नाही. सगळ्यांची बेरीज करूनच कर ठरतो. जादा पाळीचे रोखीत मिळालेले पैसेही उत्पन्नच. आणि पगारदारांना नव्या रचनेत मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट शुल्कावर मिळत नाही. तिथे कामासाठी झालेला प्रत्यक्ष खर्च पुराव्यानिशी दाखवून वजा करता येतो.

गैरसमज ३ : व्यवसाय कर सगळ्यांचाच कापतात, आणि एजन्सी जीएसटीही आपल्यातूनच भरते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. पुरुषांसाठी ही सूट ७,५०० रुपयांपर्यंतच आहे. त्यामुळे २०,००० पगाराच्या ब्रदरचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले, तर ते नियमाला धरून आहे. तेवढ्याच पगाराच्या सिस्टरचे कापले, तर ते चूक आहे. मनुष्यबळ पुरवण्याच्या सेवेवरचा जीएसटी हा एजन्सी आणि रुग्णालय यांच्यातला व्यवहार. नोकराने मालकाला दिलेली सेवा जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. पगारातून ‘जीएसटी’ कापलेला दिसला, तर लेखी खुलासा मागावा.

गैरसमज ४ : एजन्सीने हात वर केले, की पगार बुडाला.

वस्तुस्थिती : ज्या आस्थापनेत ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार आहेत, तिथे कंत्राटदाराने पगार थकवला किंवा कमी दिला, तर तो देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे रुग्णालयावर येते. नंतर रुग्णालयाने तो कंत्राटदाराकडून वसूल करावा. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि नोकरी सोडल्यावर किंवा काढून टाकल्यावर उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत, असं वेतन संहिता सांगते.

गैरसमज ५ : सुप्रीम कोर्टाने नर्सचा पगार किमान २०,००० ठरवून दिलाय.

वस्तुस्थिती : २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयात किमान २०,००० आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार असावा, अशी शिफारस त्या समितीने केली. पण ही शिफारस आहे. ती अमलात आणणं राज्यांवर सोपवलं होतं. कायद्याने बांधलेलं असतं ते राज्य सरकारने अधिसूचनेने जाहीर केलेलं किमान वेतन.

गैरसमज ६ : २४० दिवस भरले, की कायम.

वस्तुस्थिती : ही समजूत हवेतून आलेली नाही. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत बदली आणि तात्पुरत्या कामगारांसाठी २४० दिवसांची तरतूद होती. पण एजन्सीच्या नर्सचा मालक कागदोपत्री एजन्सी असते, म्हणून दिवस भरले तरी रुग्णालयाची नोकरी आपोआप मिळत नाही. २००१ च्या स्टील अथॉरिटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. मात्र कंत्राट निव्वळ देखावा असल्याचं सिद्ध झालं, तर कामगार मुख्य नियोक्त्याचाच मानला जाईल, असंही स्पष्ट केलं. सरकारी रुग्णालयांत २००६ च्या उमादेवी निकालाची भिंत आहे : रीतसर भरतीशिवाय कायम होण्याचा हक्क नाही. त्यातल्या त्यात जमेची बाजू २०१६ च्या जगजित सिंग निकालाची. शासनाच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन, हे तत्त्व त्यात मान्य झालं.

गैरसमज ७ : करार संपला, की बाळंतपणाची रजाही संपली.

वस्तुस्थिती : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल, तर २६ आठवड्यांचा लाभ मिळतो (तिसऱ्या मुलापासून १२). ईएसआयमध्ये नाव असेल, तर पैसे ईएसआय महामंडळ देतं आणि अट योगदानाच्या ७० दिवसांची असते. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातील कंत्राटी डॉक्टरला, करार संपत असल्यामुळे, फक्त ११ दिवसांची रजा देऊ केली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ द्यायला लावला आणि हा लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही चालतो, हे स्पष्ट केलं.

गैरसमज ८ : रुग्णालयात लैंगिक छळ झाला, तर तक्रार फक्त एजन्सीकडे.

वस्तुस्थिती : २०१३ च्या कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेली स्त्रीही येते. रुग्णालयाच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते.

हे हक्क वापरायचे, तर पुरावा लागतो. नेमणूक पत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावं. रोस्टरचे फोटो, बँकेतल्या नोंदी, पीएफचा यूएएन क्रमांक जपून ठेवावा. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरणात एजन्सीने आपले पैसे कोणत्या नावाखाली दाखवले, हेही पाहावं. एकाच एजन्सीकडून दरमहा तेवढीच रक्कम आलेली आणि सोबत रुग्णालयाचं रोस्टर असेल, तर ‘ही आमची नोकर नव्हतीच’ हे म्हणणं पीएफ कार्यालयात किंवा कामगार आयुक्तांसमोर टिकवणं एजन्सीला अवघड जातं.