चित्राची पाठ

विसरल्या गेलेल्या चित्रकाराचा माग काढताना चित्र आधी पालथं घालावं लागतं. घरच्यांना हे विचित्र वाटतं. आजोबांचं काम बघायला आलेला माणूस ते भिंतीवरून उतरवतो आणि मागची जळमटं पुसत बसतो! पण सही मागाहून कुणीही करू शकतं. पाठीवर खोटं लिहायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. बाजारात भाव असलेल्यांची गोष्ट वेगळी. विसरल्या गेलेल्यांना भावच नाही, मग नक्कल कोण करणार?

फ्रेमवाल्याची चिठ्ठी सापडली की जीव भांड्यात पडतो. ‘केमोल्ड’ची असेल तर फ्रेम १९४१ किंवा त्यानंतरची, कारण ते दुकानच तेव्हा सुरू झालं. पत्त्यात नुसतं ‘मुंबई ४’ असेल तर बहुधा १९७२पूर्वीची, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षी आला. अर्थात हे वय फ्रेमचं. चित्र कितीतरी जुनं असू शकतं, म्हणून खिळ्यांची जुनी भोकंही तपासायची.

मग सूच्या. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची. तिच्या जुन्या प्रदर्शन-सूचींची पानं उलटताना कोपरे बोटांना चिकटून येतात. बायकांचा माग तुटतो तो इथेच. ‘मिस’ लावलेलं एखादं नाव काही वर्षं सलग दिसतं आणि मग गायब. लग्न झालं, आडनाव बदललं, कधी नावही. सासरच्या नावानं ती रंगवत राहिली की ब्रश कायमचे धुऊन ठेवले, हे सूचीत कुठून असणार? ते लग्नपत्रिकेत किंवा नातवंडांकडच्या ट्रंकेत, मिळालं तर.

त्या जुन्या सूचींच्या काळातल्या मुंबईतल्या अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद यांची नावं निदान घेतली तरी जातात. दोघीही चित्रकारांच्याच मुली, एक रावबहादूर धुरंधरांची, दुसरी ए. एक्स. त्रिंदाद यांची. मला हा योगायोग वाटत नाही. चित्रं आणि कागद जपायचे असतात, हे त्या घरांना ठाऊक होतं. त्रिंदाद बापलेकीची चित्रं आज पणजीच्या फुंदासाँव ओरिएंत या संस्थेत आहेत. अंबिकाबाईंनी तर आठवणी स्वतःच लिहिल्या.

पुरुषांवर काळानं वेगळा घाव घातला. १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची मंडळी आली आणि हुबेहूब व्यक्तिचित्रण हळूहळू जुनाट ठरलं. कित्येक चित्रं माळ्यावर गेली. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेल्या चरित्रकोशाच्या दृश्यकला खंडात यातल्या अनेकांना निदान नोंद मिळाली.

माळ्यावरचं चित्र आता नव्यानं मढवायला देणार असाल, तर फ्रेमवाल्याकडून मागचा जुना पुठ्ठा मागून घ्या. फ्रेमवाला सगळ्यात आधी तोच फेकतो.