खवा-शेंगदाण्याचा पाय : ओव्हनशिवाय, घरच्या कढईत

परळी वैजनाथहून तुमची गट समन्वयक बोलतेय. वही-पेन जवळ घ्या, आज मापं सांगायची आहेत.

गटात मुली विचारतात, "ताई, केक झाला, आता नवीन काय?" तर आज ‘पाय’. नाव ऐकून हशा पिकतोच. पण ही आहे उघडी करंजी. खाली खुसखुशीत पारी, वर सारण. फरक एवढाच की करंजी तळतो, ही पारी भाजतो. अमेरिकेत पिकन नावाच्या अक्रोडासारख्या फळाचा पाय करतात. आपल्याकडे शेंगदाणा आहे, खवा आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मग पिकन कशाला शोधायचा?

पारी : आठ इंची पसरट डब्याला २०० ग्रॅम मैदा किंवा बारीक चाळलेलं गव्हाचं पीठ, १०० ग्रॅम घट्ट गार तूप, दोन चमचे पिठीसाखर, चिमूट मीठ. करंजीला मोहन गरम घालतो, इथे तूप गारच हवं. बोटांच्या टोकांनी चोळा. मुठीत धरल्यावर मुटका झाला की थोडं गार पाणी शिंपडून गोळा करा. मळू नका. मळलं की पिठाला चिवटपणा येतो, पारी वातड होते. लाटून डब्यात बसवा, काट्याने टोचे मारा, म्हणजे फुगणार नाही.

भाजणं : मोठ्या जाड कढईत किलोभर जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर १५ मिनिटं तापवा. मग डबा ठेवा. साधारण २५ ते ३० मिनिटांत पारी बदामी होते. झाकणाला आतून पाणी सुटलं तर पुसा, नाहीतर ते पारीवर पडेल. हे मीठ पुन्हा भाजायलाच वापरा, स्वयंपाकात नको.

सारण : शेंगदाणे आधी निवडा. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे फेका. बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. चांगले दाणे भाजून ७५ ग्रॅम जाडसर कूट करा. ४०० मिली दुधातलं अर्धी वाटी गार दूध काढून त्यात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवा. उरलेलं दूध, १०० ग्रॅम ताजा खवा आणि ७५ ग्रॅम साखर उकळा. त्यात कालवण ओता आणि सतत हलवत उकळी आल्यावरही दोन मिनिटं शिजवा. कच्चं राहिलं तर वडी पडत नाही. शेवटी कूट आणि वेलची.

पारी पूर्ण गार झाली की तिला आतून पातळ तुपाचा हात फिरवा, म्हणजे ओल शिरत नाही. कोमट सारण भरा. गार झालं की लगेच चार तास फ्रीजमध्ये ठेवा.

आता विक्रीचं. दुधाचं सारण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त नाही. वास, चव बदलण्याआधीच त्यात जंतू वाढलेले असू शकतात. म्हणून जत्रेच्या स्टॉलवर हा पाय नको. तिथे चिक्की, लाडू बरे. पाय आगाऊ ऑर्डरवरच करा, गारच पोहोचवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायला सांगा. लाईट बराच वेळ गेली, फ्रीज गार राहिला नाही, तर तो माल विकायचा नाही. एका घरात पोट बिघडलं तर नाव साऱ्या गटाचं जातं, आणि ते परत मिळायला वर्षं लागतात.

विकण्याआधी अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करा. किंमत ठरवताना फक्त दूध-खवा धरू नका. गॅस, डबा, पोहोचवणं आणि तुमच्या हातांचे तासही लिहा. आपली मजुरी आपणच शून्य धरली, तर गिऱ्हाईक कशाला देईल?

पहिला पाय गटाच्या बैठकीत कापा. आठ तुकडे करा, चव घ्या, खर्च वहीत मांडा. परवडतंय असं आकड्यांत दिसलं की मगच ऑर्डर घ्या.