क्रीडाशिक्षक व्हायचे आहे?

वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या कन्येने क्रीडाशिक्षिका होण्याची इच्छा बोलून दाखविली, की वडीलधाऱ्यांची पहिली शंका पदवीविषयी असते. ती निराधार आहे. बी.पी.एड्. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र ठरतो. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी, दोन्ही द्याव्या लागतात.

अडते ते अन्यत्र. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार सर्वसाधारण उमेदवारास पदवीला ५० टक्के गुण आणि शालेय, जिल्हा वा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील सहभाग आवश्यक असतो. पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय असल्यास ४५ टक्केही चालतात. पण वाणिज्य शाखेत तो सहसा नसतो.

पदक हवे असे नाही, खेळल्याचा कागद मात्र हवा. दुकानाची जुनी बिले वर्षानुवर्षे जपणाऱ्या घरांतून मुलीचे कबड्डीचे प्रमाणपत्र मात्र रद्दीत जाते! पदवीनंतर महाविद्यालयाच्या संघातून उतरण्याची संधी संपते. यास्तव प्रथम वर्षीच जिमखान्यात नाव नोंदवावे आणि प्रमाणपत्र हाती पडताच त्यावरील नाव, वर्ष व शिक्का तपासून घ्यावा.